मूळ अवयव पाडायला शिका: विभाज्यता, वर्गसंख्या, मसावि-लसावि एकाच हत्याराने

२०२१ ही मूळ संख्या आहे का, असे विचारले की बहुतेक जण शेवटचा अंक पाहतात, अंकांची बेरीज करतात, सातने भागून बघतात आणि ‘असावी’ म्हणून मोकळे होतात. ती मूळ नाही. २०२१ म्हणजे ४३ × ४७. हे कागदावर दोन ओळींत कळते, कसे ते पुढे येईलच.

शिष्यवृत्तीपासून बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांपर्यंत संख्याज्ञानाचे जे प्रश्न येतात, ते पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात. विभाज्यतेच्या कसोट्या एकीकडे, पूर्ण वर्ग दुसरीकडे, मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) तिसरीकडे. त्यामुळे मुले सगळे सुटे सुटे पाठ करतात आणि पेपरात गोंधळतात. खरे तर शिकायची गोष्ट एकच आहे: दिलेल्या संख्येचे मूळ अवयव हाताने पाडणे. ते जमले की वर्ग आहे का, विभाजक किती, लसावि काय, हे सगळे त्या एका ओळीतून वाचता येते.

उदाहरणांसाठी मी मुद्दाम २०२० ते २०३० ही साले घेतली आहेत. ती डोळ्यांखालून रोज जातात, आणि या दशकात योगायोगाने जवळजवळ प्रत्येक प्रकारची संख्या सापडते. लागणारे साहित्य म्हणजे चौकटीची वही, पेन्सिल आणि तीसपर्यंतचे पाढे. पाढे कच्चे असतील तर आधी १३, १७, १९ आणि २३ हे चार पक्के करा. बहुतेक फसवणूक तिथेच होते.

आधी चार शब्द

नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात. त्यांत ० मिळवला की पूर्ण संख्या. एका संख्येला दुसरीने भागून बाकी शून्य उरली, तर पहिली ही दुसरीची विभाज्य आणि दुसरी ही पहिलीची विभाजक. १२ ही ३ ची विभाज्य, ३ हा १२ चा विभाजक. शून्य ही प्रत्येक संख्येची विभाज्य असते आणि ती सम आहे. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मूळ संख्येला नेमके दोन विभाजक असतात, १ आणि ती स्वतः. दोनपेक्षा जास्त असतील तर ती संयुक्त. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून ती यातल्या कुठल्याच गटात बसत नाही. हा नियम मनमानी वाटतो, पण त्यामागे कारण आहे. क्रमाची अदलाबदल सोडली तर कोणत्याही संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. १ ला मूळ म्हटले असते तर १२ ची फोड २ × २ × ३, १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशी कितीही प्रकारे लिहिता आली असती, आणि पुढचे सगळे हिशेब कोसळले असते.

दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसेल तर त्या सहमूळ. त्या स्वतः मूळ असायची गरज नाही, ८ आणि ९ या सहमूळ आहेत. दोन मूळ संख्यांत फक्त २ चा फरक असेल तर ती जोडमूळ संख्यांची जोडी. शंभरच्या आत अशा ८ जोड्या आहेत.

चाळणी, पण सहा रकान्यांत

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सांगितलेली चाळणी शाळेत दहा रकान्यांत करून घेतात. घरी सहा रकान्यांत करून पाहा. पहिल्या ओळीत १ ते ६, दुसरीत ७ ते १२, असे शंभरापर्यंत लिहा.

२ ठेवून दुसरा, चौथा आणि सहावा रकाना वरून खाली सरळ खोडा. ३ ठेवून तिसरा रकानाही खोडा. उरले दोनच रकाने, पहिला आणि पाचवा. म्हणजे ३ च्या पुढची प्रत्येक मूळ संख्या सहाच्या कुठल्या तरी पटीच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे असते, हे समजावून न सांगताही दिसते. याचे उलट मात्र खरे नाही. २५, ३५, ४९ याही त्याच रकान्यांत आहेत.

आता ५ च्या विभाज्य तिरप्या रेषेत डावीकडे उतरतात, ७ च्या उजवीकडे. त्या खोडा आणि थांबा, कारण ११ चा वर्ग १२१ शंभरच्या बाहेर आहे. शेवटी ७ ने नव्याने खोडल्या जातात त्या फक्त तीन संख्या: ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन पाढ्यात सहज सापडतात. ९१ सापडत नाही, म्हणून ती परीक्षकांची लाडकी. १ खोडल्यावर उरतात त्या २५ मूळ संख्या.

याच धर्तीवर २, ३, ५ पैकी कोणानेही भाग जात नाही, तरीही संयुक्त आहेत, अशा २०० पर्यंतच्या संख्या दहाच आहेत: ४९, ७७, ९१, ११९, १२१, १३३, १४३, १६१, १६९, १८७. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. २०० पर्यंतच्या मूळ संख्यांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा या दहा लक्षात ठेवणे कितीतरी सोपे.

भाग जातो का: कसोट्यांमागचे कारण

२, ५ आणि १० साठी शेवटचा एक अंक पाहा. ४ आणि २५ साठी शेवटचे दोन, ८ साठी शेवटचे तीन. १०० ला ४ ने आणि १००० ला ८ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे वरचे अंक काहीही असले तरी चालतात.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. २०२८ मधला हजारचा २ म्हणजे २ × ९९९ आणि वर २. नवांचे गठ्ठे बाजूला काढले की उरते ती अंकांचीच बेरीज: २ + ० + २ + ८ = १२. बाराला ३ ने भाग जातो, ९ ने नाही, तसाच २०२८ लाही.

११ साठी उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करून त्यांची वजाबाकी करा. उत्तर ० किंवा ११ ची पट आले तर भाग जातो. २०२४ मध्ये ४ + ० = ४ आणि २ + २ = ४, वजाबाकी ०. म्हणजे २०२४ ला ११ ने भाग जातो.

६, १२, १५, १८ यांना वेगळ्या कसोट्या लागत नाहीत. १२ साठी ३ आणि ४ तपासा. मात्र तपासायच्या दोन संख्या सहमूळ हव्यात. २४ साठी ४ आणि ६ तपासून चालत नाही. ३६ ला दोन्हींनी भाग जातो, २४ ने जात नाही. तिथे ३ आणि ८ घ्यायचे.

आता ७, ११ आणि १३ तिन्हींची एकत्र कसोटी. ही मला सगळ्यांत उपयोगी वाटते, आणि नेमकी हीच बऱ्याच ठिकाणी शिकवली जात नाही. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि गटांची एकाआड एक बेरीज-वजाबाकी करा. आलेल्या लहान उत्तराला ७, ११ किंवा १३ पैकी ज्याने भाग जाईल, त्याने दिलेल्या संख्येलाही जाईल. आपले स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने, दोन-दोन अंकांवर पडतात. इथे ते विसरायचे आणि गट नव्याने पाडायचे. ५८,४६,९५८ चे गट होतील ५, ८४६, ९५८. आता ९५८ − ८४६ + ५ = ११७. ११७ म्हणजे ९ × १३. म्हणून ५८,४६,९५८ ला १३ ने भाग जातो, ७ ने आणि ११ ने जात नाही. तीन भागाकार एका वजाबाकीत झाले.

चार अंकी सालांसाठी तर हे तोंडी होते. २०२३ चे गट २ आणि ०२३, वजाबाकी २१. म्हणजे ७ ने भाग जातो. २०२१ ची वजाबाकी १९, तिन्हींपैकी कोणीच नाही.

शून्य आणायची युक्ती

१७, १९, २३, २९ साठी पुस्तकांत वेगवेगळे नियम दिलेले असतात. शेवटच्या अंकाची पाचपट वजा करा, दुप्पट मिळवा, सातपट मिळवा. कोणती पट कोणाची, हे दोन आठवड्यांत विसरते. त्याऐवजी एकच रीत वापरा.

ज्या मूळ संख्येने तपासायचे, तिची अशी पट दिलेल्या संख्येत मिळवा किंवा तिच्यातून वजा करा की शेवटी शून्य येईल. शून्य खोडा. उरलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा किंवा पाढ्यात पाहा.

१००३ ला १७ ने भाग जातो का? १००३ + १७ = १०२०. शून्य खोडून १०२. सतराच्या पाढ्यात १०२ आहे. म्हणून भाग जातो, आणि १००३ = १७ × ५९.

हे नेहमी जमते, कारण २ आणि ५ सोडून प्रत्येक मूळ संख्येचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असतो, आणि अशा संख्येच्या पहिल्या नऊ पटींत १ ते ९ सगळे शेवट एकेकदा येऊन जातात. हवा तो शेवट सापडतोच. शून्य खोडणे म्हणजे १० ने भागणे, आणि १० मध्ये २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव नाही, त्यामुळे तपासणी बिघडत नाही. फक्त एवढे ध्यानात असू द्या की या रीतीने ‘भाग जातो की नाही’ एवढेच कळते. बाकी किती उरेल ते कळत नाही. ‘बाकी किती’ असा प्रश्न असेल तर सरळ भागाकारच करा.

कुठे थांबायचे

संख्या संयुक्त असेल तर तिचे दोन अवयव असतात, आणि दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासले की पुरे. वर्गमूळ काढत बसायचे नाही. जवळचा वर्ग आठवायचा.

२०२७ घेऊ. ४५ चा वर्ग २०२५ आणि ४६ चा २११६. म्हणजे ४५ पर्यंत, म्हणजेच ४३ या मूळ संख्येपर्यंत जायचे.

२ आणि ५ नाही. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ नाही. गट पाडून २७ − २ = २५, म्हणून ७, ११, १३ एकदमच बाद. पुढे शून्याची युक्ती:

१७: २०२७ − १७ = २०१०, म्हणजे २०१. सतराची पट नाही (१८७, २०४).
१९: २०२७ − ५७ = १९७०, म्हणजे १९७. नाही.
२३: २०२७ + २३ = २०५०, म्हणजे २०५. नाही.
२९: २०२७ − ८७ = १९४०, म्हणजे १९४. नाही.
३१: २०२७ − २१७ = १८१०, म्हणजे १८१. नाही.
३७: २०२७ − ३७ = १९९०, म्हणजे १९९. नाही.
४१: २०२७ + १२३ = २१५०, म्हणजे २१५. नाही.
४३: २०२७ + ४३ = २०७०, म्हणजे २०७. नाही.

२०२७ मूळ आहे. सवय झाली की दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. मुले शेवटच्या एकदोन संख्या आळसाने सोडून देतात, आणि परीक्षक नेमके तेच हेरून ६६७ सारखी संख्या देतात. तिथे २३ पर्यंत जावे लागते आणि २३ नेच भाग जातो: ६६७ = २३ × २९.

दशकाची फोड

आता मूळ अवयव पाडणे म्हणजे याच तपासणीचे पुढचे पाऊल. लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा. भाग गेला की लगेच भागा आणि पुढचे काम भागाकारावर करा, कारण भागाकार लहान होतो तसे त्याचे वर्गमूळही लहान होते. २०२३ ला ७ ने भागून २८९ आले की पुढे १७ पर्यंतच पाहायचे, आणि २८९ म्हणजे १७ चा वर्ग.

२०२० = २ × २ × ५ × १०१
२०२१ = ४३ × ४७
२०२२ = २ × ३ × ३३७
२०२३ = ७ × १७ × १७
२०२४ = २ × २ × २ × ११ × २३
२०२५ = ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५
२०२६ = २ × १०१३
२०२७ मूळ
२०२८ = २ × २ × ३ × १३ × १३
२०२९ मूळ
२०३० = २ × ५ × ७ × २९

२०२७ आणि २०२९ ही जोडमूळ जोडी आहे. यादी न पाहता स्वतः पाडून बघा आणि मग ताडून पाहा.

या ओळीतून काय काय वाचता येते

एकूण विभाजक किती? २०२८ चा विभाजक तयार करताना २ एकदाही न घेणे, एकदा घेणे, दोनदा घेणे असे ३ पर्याय आहेत. ३ साठी २ पर्याय, १३ साठी ३. म्हणून ३ × २ × ३ = १८ विभाजक. थोडक्यात, प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा आला त्यात १ मिळवायचा आणि गुणाकार करायचा. २०२५ मध्ये ३ चार वेळा आणि ५ दोन वेळा, म्हणून ५ × ३ = १५.

हे १५ विषम आले, कारण विभाजक जोडीने येतात, ३ बरोबर ६७५, ५ बरोबर ४०५, पण ४५ ची जोडी ४५ शीच लागते. विभाजकांची संख्या विषम असते ती फक्त वर्गसंख्यांची. नेमके तीन विभाजक असलेली संख्या विचारली तर उत्तर नेहमी मूळ संख्येचा वर्ग: ४, ९, २५, ४९, १२१.

पूर्ण वर्ग ओळखायचा तर प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला हवा. २०२८ मध्ये ३ एकटाच आहे. म्हणून ‘कोणत्या लहानात लहान संख्येने गुणल्यास पूर्ण वर्ग होईल’ याचे उत्तर ३ (६०८४, म्हणजे ७८ चा वर्ग) आणि ‘कोणत्या लहानात लहान संख्येने भागल्यास’ याचेही ३ (६७६, म्हणजे २६ चा वर्ग).

अवयव न पाडता वर्ग ओळखणे

पर्यायी प्रश्नांत चारपैकी तीन पर्याय नुसत्या नजरेने बाद करता येतात. वर्गसंख्येच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. शेवटी ५ असेल तर त्याआधी २ हवाच. शून्ये सम संख्येत हवीत. हे बहुतेकांना माहीत असते. पुढचे दोन नियम कमी वापरले जातात.

एकक स्थानी १, ४ किंवा ९ असेल तर दशक स्थानचा अंक सम हवा. एकक स्थानी ६ असेल तर दशकाचा अंक विषम हवा. म्हणून ८,२७४ किंवा ३,१४६ दिसताच बाद. या नियमांमुळे शेवटच्या दोन अंकांच्या १०० शक्यतांपैकी फक्त २२ उरतात.

अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेल्यास वर्गसंख्येत १, ४, ७ किंवा ९ च येतो.

या चाळण्यांतून गळली ती नक्की वर्ग नाही, पण तरली ती वर्ग असेलच असे नाही. ५,४३६ पाहा. शेवट ३६ चालतो, अंकांची बेरीज १८, म्हणजे ९, तोही चालतो. पण ७३ चा वर्ग ५,३२९ आणि ७४ चा ५,४७६, म्हणजे ५,४३६ मधेच लटकते. शेवटी जवळच्या वर्गांत पकडायचेच असते. त्यासाठी ५ ने संपणाऱ्या संख्यांचे वर्ग टेकू म्हणून उपयोगी पडतात: ८५ साठी ८ × ९ = ७२ आणि पुढे २५, म्हणजे ७,२२५. आता ७,३९६ आले तर ते ८५ च्या वर्गापेक्षा थोडे मोठे आणि शेवटी ६, म्हणून ८६. शेजारचा वर्ग हवा असेल तर दोन्ही संख्यांची बेरीज मिळवायची: २०२५ + ४५ + ४६ = २११६.

दोन वर्गांमधला फरक

आता २०२१ कडे वळू. तिच्यावरचा पहिला वर्ग २०२५. फरक ४, आणि ४ हा २ चा वर्ग. म्हणून २०२१ = ४५ चा वर्ग वजा २ चा वर्ग = (४५ − २) × (४५ + २) = ४३ × ४७. १७, १९, २३ करत ४३ पर्यंत चढायची गरजच पडली नाही.

रीत अशी. विषम संख्या घ्या. तिच्यावरचा सर्वांत जवळचा वर्ग शोधून वजाबाकी करा. उत्तर वर्ग आले तर काम झाले, नाहीतर पुढचा वर्ग घ्या. २,४७९ साठी: ५० चा वर्ग २,५०० वजा २,४७९ = २१, वर्ग नाही. ५१ चा २,६०१, फरक १२२, शेवटी २, नाही. ५२ चा २,७०४, फरक २२५, हा १५ चा वर्ग. म्हणून २,४७९ = ३७ × ६७.

ही पद्धत फ्रान्सच्या पिएर द फर्मा याची. पेशाने कायद्याचा माणूस, गणित फावल्या वेळात. त्याने १६४३ च्या सुमारास २,०२,७६,५१,२८१ या संख्येची फोड ४४,०२१ × ४६,०६१ अशी याच रीतीने दाखवली. ४५,०३० च्या वर्गापासून सुरुवात केली तर ४५,०४१ ला, म्हणजे बाराव्या वर्गाला उत्तर मिळते. एकेक मूळ संख्येने भागत गेले असते तर चार हजारांहून जास्त भागाकार पडले असते. अर्थात दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत वेगवान. ३ × ६७३ सारखी संख्या असेल तर कसोट्याच बऱ्या. म्हणून क्रम असा ठेवा: आधी १३ पर्यंतच्या कसोट्या, मग दोन-तीन वर्ग करून पाहणे, आणि तरीही नाही सापडले तर १७ पासून पुढे चढणे.

मसावि आणि लसावि

लहान संख्यांचे अवयव पाडून दोन्ही काढता येतात: सामाईक अवयव कमीत कमी जितक्यांदा आले तितके मसाविमध्ये, सगळे अवयव जास्तीत जास्त जितक्यांदा आले तितके लसाविमध्ये. संख्या मोठ्या असतील तर अवयव पाडूच नका. मोठीला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने, असे बाकी शून्य येईपर्यंत. २४९१ आणि २०२१: बाकी ४७०. २०२१ ला ४७० ने भागून बाकी १४१. ४७० ला १४१ ने भागून बाकी ४७. १४१ ला ४७ ने पूर्ण भाग गेला. मसावि ४७. लसावि म्हणजे दोन्हींचा गुणाकार भागिले मसावि: २०२१ × ५३ = १,०७,११३.

मसावि गुणिले लसावि बरोबर संख्यांचा गुणाकार, हे सूत्र दोनच संख्यांसाठी आहे. ४, ६, १० चा मसावि २ आणि लसावि ६०, गुणाकार १२०. पण तीन संख्यांचा गुणाकार २४०.

बाकी उरण्यावरचे प्रश्न दोन तऱ्हांचे. १२, १५, १८ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ उरतात, असे असेल तर लसावि १८० मध्ये ५ मिळवा. बाकी अनुक्रमे ९, १२, १५ उरत असेल तर बाकी वेगळी असली तरी प्रत्येक ठिकाणी ३ कमी पडताहेत. तिथे १८० मधून ३ वजा, १७७. आधी ‘किती उरले’ आणि ‘किती कमी पडले’ यांतले काय समान आहे ते पाहा, मग लसावि काढा.

नवाचा पडताळा, आणि देवळालीचे कापरेकर

एखाद्या संख्येतले अंक उलटसुलट केले तरी अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून जुन्या आणि नव्या संख्येतला फरक नेहमी ९ ची पट असतो. हिशेब लिहिणारे हे कामाला लावतात. जमाखर्चाचा मेळ बसत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. ५,८३० च्या जागी ५,३८० लिहिले तर फरक ४५०. पूर्ण वही तपासण्याआधी अशा जागा पाहाव्यात.

अंकांच्या या अदलाबदलीतून दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी मोठी गंमत शोधली. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. हे त्यांनी १९४९ मध्ये शोधले. २०२७ वर करून पाहू: ७२२० − ०२२७ = ६९९३. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. मधले प्रत्येक उत्तर ९ ची पट आहे, त्यामुळे वजाबाकी चुकली तर तिथल्या तिथे कळते. मुलांकडून वजाबाकीचा सराव करून घ्यायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. २०२२ ÷ ६ = ३३७, २०२३ ÷ ७ = २८९, २०२४ ÷ ८ = २५३, २०२५ ÷ ९ = २२५. लागोपाठ चार साले हर्षद. आणि ४५ ही त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कापरेकर संख्या, कारण तिच्या वर्गाचे, २०२५ चे, दोन तुकडे केले तर २० + २५ = ४५. ५५ आणि ९९ वर हे करून बघा.

सरावासाठी

२०३३, २०३९, २०४१ आणि २०४७ यांतली मूळ कोणती? वर्गमुळाची हद्द २०३३ आणि २०३९ साठी ४३, पुढच्या दोघींसाठीही ४३ च. उत्तरे: २०३३ = १९ × १०७, २०३९ मूळ, २०४१ = १३ × १५७.

स्वातंत्र्याची शताब्दी ज्या साली येणार, ते २०४७ जरा निराळे आहे. ते म्हणजे २ चा अकरावा घात वजा १. घातांक २, ३, ५, ७ या मूळ संख्या असताना अशा संख्याही मूळ निघतात: ३, ७, ३१, १२७. आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच साच्यातली आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पण २०४७ च्या बाबतीत घातांक ११ मूळ असूनही गाडी पहिल्यांदाच अडते. २०४७ + २३ = २०७०, शून्य खोडून २०७, आणि २०७ म्हणजे २३ × ९. दुसरा अवयव काढायचे काम तुमच्याकडे.